आगकाड्यांचा हिशेब

आमचे किराणा मालाचे दुकान विठ्ठलवाडी स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून १९६४ साली येथे आले आणि भाड्याच्या गाळ्यात त्यांनी ते सुरू केले. त्या काळी आमच्या दुकानात घासाघीस नसलेला आणि उधारीही नसलेला असा एकच माल होता, तो म्हणजे आगपेटी. ती ग्रोसच्या हिशेबाने येई, म्हणजे एका खेपेला बारा डझन पेट्या. प्रत्येक पेटीवर अबकारी कराची सरकारी पट्टी चिकटवलेली असे आणि ती फाटलेली दिसली की वडील पेटी बाजूला काढीत.

आगपेटी आमच्या भागाला परकी नव्हती. विठ्ठलवाडीनंतरचे दुसरे स्टेशन अंबरनाथ आणि अंबरनाथ म्हणजे विम्को. पूर्वी या देशात आगपेट्या स्वीडन आणि जपान येथून येत. १९२२ साली सरकारने परदेशी आगपेट्यांवर जबर आयात कर बसवला, तेव्हा स्वीडनच्या कंपनीने येथेच कारखाना काढणे पत्करले. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. ‘विम्को नाका’ हे नाव आजही प्रत्येक रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. त्या कारखान्यातील कामगार आमच्या दुकानी वाणसामान भरीत आणि आम्ही त्यांनीच केलेल्या पेट्या विकत असू.

इतके असूनही आमच्या घरात एक काडी वाया गेलेली चालत नसे. आई देवघरातील दिवा लावी आणि त्याच काडीवर स्टोव्हही पेटवी. वडील म्हणत, “पेटलेली काडी आणि बोललेला शब्द पेटीत परत जात नाही.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले, मोठेपणी दुसऱ्यांना ऐकवले, पण त्याचा दुसरा भाग मला कळायला साठी जवळ यावी लागली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना होता. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. मला मूलबाळ नाही. भावाला हा एकुलता एक. त्यामुळे दुकानाच्या गादीवर पुढे हाच बसणार, हे त्याच्या जन्मापासून घरात ठरल्यासारखेच होते. बारावी वाणिज्यची परीक्षा आटोपली होती आणि सुट्टीत त्याने दुकानात बसावे असे मी सांगितले होते. तो येई, पण दुपार झाली की गोदामाच्या माळ्यावर नाहीसा होई.

एके दुपारी साबुदाण्याची गोणी पाहण्यासाठी मी माळ्यावर गेलो. पाहतो तो काय, जमिनीवर काळे कापड अंथरलेले, त्यावर तीनएकशे आगकाड्या मांडलेल्या, वर बिस्किटांच्या डब्यावर मोबाइल उलटा बांधलेला आणि शेजारी रिकाम्या केलेल्या पेट्यांचा ढीग. हा पोरगा एका काडीला बोटाने किंचित सरकवी, मोबाइलवर एक छायाचित्र घेई, पुन्हा सरकवी, पुन्हा घेई. खाली गिऱ्हाइके खोळंबली होती. माझा संताप अनावर झाला. कोपऱ्यातील झाडू घेतला आणि सगळ्या काड्या एका फटक्यात गोळा केल्या. “व्यापाऱ्याच्या घरात जन्मून माल उधळायला बसलास? उद्या हे दुकान तू असेच उधळणार का?” असे आणि आणखी बरेच बोललो.

तो काहीच बोलला नाही. विखुरलेल्या काड्या त्याने पेट्यांत भरल्या, मोजल्या आणि खाली येऊन पेट्या मांडणीवर ठेवल्या. दोन काड्या तुटल्या होत्या. त्यांचे पैसे द्यावेत म्हणून त्याने गल्ल्यावर एक रुपया ठेवला. तो रुपया मला थपडेसारखा लागला. पण तेव्हा मी त्याला उद्धटपणा समजलो.

रात्री त्याच्या आईने माझ्या पत्नीजवळ सारे सांगितले. ते चार दिवसांचे काम होते. दोनशेहून अधिक छायाचित्रे झाली होती. ती एकामागून एक भराभर दाखवली की काड्यांचा माणूस चालू लागतो, अशी ती युक्ती. मध्येच काड्यांची जागा मोडली की पुढचे चित्र मागच्याशी जुळत नाही आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. म्हणजे मी झाडू फिरवला तो काड्यांवर नव्हे, तर त्याच्या चार दिवसांवर.

तरीही माझा अभिमान आडवा आला. दोन दिवसांनी जेवताना मी उगाच म्हणालो, “काड्यांच्या खेळाने कुणाचे पोट भरले आहे?” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “काका, दादासाहेब फाळक्यांनीही काड्याच मांडल्या होत्या. १९१५ साली.”

राजा हरिश्चंद्र काढणारे फाळके मला ठाऊक होते. काड्या मांडणारे फाळके ठाऊक नव्हते. मुलगा थापा मारतो आहे की काय, हे पाहण्यासाठी मी कल्याणच्या वाचनालयात गेलो. त्याला खोटे पाडण्याच्या हेतूने गेलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मुलाचे म्हणणे खरे निघाले. १९१२ साली फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांच्याजवळ विद्या होती, भांडवल नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. चित्रपट या धंद्यावर पैसे लावणार कोण? तेव्हा त्यांनी सावकारांपुढे शब्दांचे पाल्हाळ लावले नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे टिपली. त्यातून मिनिटभराची चित्रफीत तयार झाली. दाण्यातून कोंब फुटतो, कोंबाचा वेल होतो आणि तो पाहता पाहता वर चढतो. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांसारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. १९१३ सालचा राजा हरिश्चंद्र त्यानंतरचा.

मी हे वाचले आणि सवयीने हिशेब मांडला. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे सरकत. म्हणजे मिनिटाला साडेनऊशेच्या वर. महिनाभरात ती पुरी करायची तर दिवसाला तीस चित्रे हवीत. शिवाय प्रकाश रोज सारखा हवा, कुंडी तसूभरही हलता कामा नये आणि वेलाला पाणी घालायचेही विसरता कामा नये. आपल्या मालाचा नमुना गिऱ्हाइकापुढे मांडण्यासाठी महिनाभर थांबणारा माणूस मला प्रथमच भेटत होता. मी तर नमुन्याची मूठभर तूरडाळ दाखवायलाही कंटाळतो.

काड्यांची गोष्ट त्यापुढची. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म परदेशातून येई. ती दुर्मीळ झाली आणि पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. फाळक्यांचे बिऱ्हाड तेव्हा नाशिकला होते. माणसे पदरी होती, यंत्रे उभी होती आणि मोठा चित्रपट काढण्याचे बळ उरले नव्हते. अशा मंदीत या गृहस्थाने काय करावे? त्याने लहान लहान चित्रफिती काढल्या. त्यातलीच एक ‘आगकाड्यांची मौज’, १९१५ सालची. निर्जीव काड्या एकेक चित्राने सरकवत त्यांना पडद्यावर हालचाल द्यायची, असे ते काम. भारतातील सचेतन चित्रांचा उगम सांगताना आज जाणकार तिचेच नाव घेतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’ ही अशीच दुसरी चित्रफीत. तिचे नाव वाचून मला हसू आले. आपल्या बिरादरीला आवडावे असेच नाव ते. पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ आला आणि तो तुफान चालला.

मंदीत दुकानाची फळी बंद न ठेवता छोटा माल मांडून बसावे, ही आपली पिढीजात शिकवण. ती मी एका ब्राह्मण चित्रकाराच्या चरित्रात वाचीत होतो.

या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा किती मोठा होता, हेही तेथेच कळले. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम त्या करीत, फिल्म धुण्याची रसायने त्यांनी शिकून घेतली, अंगावरचे दागिने दिले आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. आपल्या घरांतील कितीएक दुकाने अशाच हातांवर उभी आहेत. पाटीवर मात्र त्यांचे नाव नसते.

फाळक्यांना ही कल्पना एमिल कोल या फ्रेंच कलावंताच्या कामावरून सुचली असावी असे मानतात. कोल यांनी १९०८ साली सुमारे सातशे रेखाचित्रे काढून ‘फँटास्मागोरी’ हा दोन मिनिटांहूनही छोटा चित्रपट केला आणि त्याच वर्षी सजीव काड्यांचीही एक चित्रफीत काढली. पुढे ते अमेरिकेत गेले. तेथे जॉर्ज मॅकमॅनस यांच्या वर्तमानपत्री चित्रकथेवरून त्यांनी १९१३ पासून ‘द न्यूलीवेड्स’ नावाची मालिका केली. तेच कुटुंब, त्याच गमती, भागामागून भाग. आज मुलांना दूरदर्शन संचावर दिसणाऱ्या साऱ्या कार्टून मालिकांची ती थोरली आजी म्हणावी लागेल. १९१४ साली फोर्ट ली येथील स्टुडिओला आग लागली आणि ती मालिका जवळजवळ सगळी जळून गेली. त्या काळची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे. फाळक्यांच्या ‘आगकाड्यांची मौज’चीही आज एक प्रत उरलेली नाही. मूर्ती नाहीशी झाली, नाव तेवढे राहिले.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याच भाषेच्या मुलखातून गेला आहे. तीसच्या दशकात पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ ही छोटी कार्टून फिल्म काढली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग उघडला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना शिकवले आणि त्यांतूनच राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. त्या विभागाची १९५७ सालची ‘द बनियन डीअर’ ही चित्रफीत जातककथेवर आधारलेली आहे. गर्भवती हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ती कथा. आपल्या वाचकांना तिचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. भीमसेन यांनी १९७४ साली केलेली ‘एक अनेक और एकता’ तर आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. ती विजया मुळे यांच्या लेखणीतून उतरली, हे मात्र मला तेव्हाच प्रथम कळले. चिमण्यांनी मिळून जाळे उचलून नेल्याचे ते दृश्य मी कितीदा कौतुकाने पाहिले असेल. त्या चिमण्या कोणी तरी एकेक करून काढल्या असतील, हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

वाचनालयातून परतताना कल्याण स्टेशनच्या पुलावर मी बराच वेळ उभा राहिलो. मुलाला जाऊन सांगावे की माझे चुकले, इतकेच करायचे होते. मी ते केले नाही. एप्रिल गेला, निकाल लागला, त्याने कॉलेजात नाव घातले, पाऊस सुरू झाला. तो दुकानात बसू लागला. पुड्या नीट बांधी, हिशेब चोख देई, पण माझ्याशी कामापुरते बोले. माळ्यावर तो पुन्हा गेला नाही. मी हवे ते मिळवले होते आणि ते मला बघवत नव्हते.

संवत्सरीचा दिवस आला. दरवर्षीप्रमाणे सकाळपासून शेकडो संदेश आले, मीही तितकेच पाठवले. जाणता-अजाणता, मन-वचन-काया वगैरे सगळे त्यात होते. सायंकाळी प्रतिक्रमण करून घरी आलो. तो वाकून नमस्कार करीत “मिच्छामि दुक्कडम्, काका” म्हणाला. मी सवयीने तेच शब्द उच्चारले आणि एकाएकी ते माझ्याच कानांना पोकळ वाटले. अजाणता घडलेल्या अपराधांची क्षमा मी दिवसभर मागत होतो. जाणून केलेला एक अपराध समोर उभा होता. मी त्याला म्हणालो, “थांब. एप्रिलमध्ये मी तुझ्या काड्या झाडल्या. ते चार दिवसांचे काम होते, हे मला त्याच रात्री कळले होते. फाळक्यांचे तू सांगितलेले खरे आहे, हेही आठवड्याभरात कळले होते. तरी मी पाच महिने गप्प बसलो. त्याची क्षमा कर.”

तो गोंधळला. मग म्हणाला, “तुम्ही वाचनालयात गेला होता?” आणि हसला. पाच महिन्यांनी हसला.

त्यानंतर नऊ रात्री, दुकान वाढवल्यावर, आम्ही दोघे माळ्यावर बसलो. काड्या सरकवण्याचे काम त्याने मला दिले. वाटले होते, त्यात काय आहे? पण काडी केसभर जास्त सरकली की माणूस पडद्यावर उडी मारतो आणि कमी सरकली की लंगडतो. वजनकाट्यावर चाळीस वर्षे काढलेला माझा हात पहिल्या रात्री थरथरत होता. तासाभरात वीस चित्रे झाली. सेकंदाला बारा चित्रे असा त्याने हिशेब धरला होता. म्हणजे त्या तासाभरात आमचे दोन सेकंदसुद्धा झाले नव्हते. एकूण चारशे ऐंशी चित्रे झाली, चाळीस सेकंदांची चित्रफीत. काड्यांचा माणूस पेटीतून बाहेर येतो, तराजूच्या पारड्यात चढतो, खाली उतरतो आणि पुन्हा पेटीत जाऊन निजतो. इतकीच गोष्ट. तयार झाली तेव्हा घरातल्या सर्वांनी ती सलग सहा वेळा पाहिली. त्या साऱ्या खटाटोपात एकही काडी पेटली नव्हती. काड्या परत पेट्यांत भरल्या आणि पुढे घरखर्चालाच वापरल्या.

कॉलेज सोडून सचेतन चित्रांचा अभ्यासक्रम शिकायचे त्याने ठरवले तेव्हा घरात मोठा वाद झाला. माझा भाऊ फी भरायला तयार नव्हता. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. फाळक्यांचे चरित्र पुढे वाचले तर व्यापाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. भागीदारांशी बिनसले, बोलपट आल्यावर धंदा हातचा गेला आणि १९४४ साली नाशिकला ते गेले तेव्हा हलाखीत होते. कोलही गरिबीतच वारले. कलेत नफ्याची हमी नाही, हे मी मुलाला स्पष्ट सांगितले.

पण नाडकर्णी आणि देवहारे यांनाही कोणी हमी दिली नव्हती. त्यांनी एक वेल वर चढताना पाहिला होता, तो चढवणाऱ्याचा धीर पाहिला होता आणि त्यावर पैसे लावले होते. मी चारशे ऐंशी चित्रे पाहिली होती. त्यातली निम्मी माझ्या बोटांनी सरकली होती. फी मी दिली. देणगी म्हणून नव्हे, खात्यात त्याच्या नावावर बिनव्याजी कर्ज लिहून. कर्जाला मान असतो, देणगीला ओशाळेपणा असतो.

आज तो अंधेरीला एका स्टुडिओत नोकरी करतो. पगार फार नाही. दिवसभरात त्याचे काही सेकंदांचेच काम होते, असे तो सांगतो. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यावर हप्ता येतो आणि मी तो वहीत लिहितो. चौदा हप्ते आले आहेत.

दुकानाचे मात्र काय होणार, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. भाऊ थकला आहे, मीही. शेजारच्या फर्निचरवाल्याने गाळ्यासाठी दोनदा विचारले आहे. वडिलांनी उघडलेली फळी कदाचित माझ्याच हाताने कायमची लावावी लागेल. रात्री कधी कधी त्याचे वाईट वाटते आणि त्या वाईट वाटण्याला मी खोटे नाव देत नाही. त्या दुपारी मी जे ओरडलो त्यामागे हीच भीती होती. भीती खरी होती. झाडू चुकीचा होता.

गेल्या रविवारी तो घरी आला होता. दुकानात थोडा वेळ बसला. एका बाईंना आगपेटी हवी होती. त्याने मांडणीवरून काढून दिली, सुटे पैसे मोजून घेतले आणि गल्ला लावताना मला म्हणाला, “काका, पुढच्या महिन्यात तीन दिवस सुट्टी आहे. माळा रिकामा आहे ना?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी माळा झाडून घेतला.